सुपामागचा उजेड

कार्तिक लागला की आधी माझ्या घशाला कळतं. सकाळी उठले की बारीक खवखव असते, गरम पाण्यानंही न जाणारी. कोन गावात आमच्या बिल्डिंगच्या मागं, गोडाऊनांच्या मधल्या पट्ट्यात, अजून कुणीतरी भात लावतं. कुणाचं शेत आहे, मला माहीत नाही. पण कापणी होऊन भारे वाळले की दुपारी झोडणीचा आवाज येतो, आणि वाऱ्यावर तूस उडत उडत वर येऊन दोरीवरच्या ओल्या कपड्यांना चिकटतं. शेजारणी वैतागतात. मी कपडे झटकते, पुन्हा वाळत घालते.

आमच्या गावात हे दिवस म्हणजे वर्षाचं सुख असायचं. हवेत गारवा, खळ्यावर पेंढ्याचा ढीग, नव्या तांदळाच्या भाकरीला येणारा तो ओलसर गोड वास. बायका वाऱ्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या आणि सुपातून धान्याची धार सोडायच्या. दाणे पायाशी पडायचे, भूस पुढं निघून जायचं. लहानपणी मी त्या भुसाच्या धुरळ्यात उभी राहायचे, अंग खाजून लाल होईपर्यंत. ते सगळं आठवतं. आठवत नाही असं नाही. पण कार्तिक म्हटला की मला एकच वर्ष दिसतं. नंतरचे सगळे कार्तिक त्याच्याच मागं रांगेत उभे असल्यासारखे.

त्या वर्षी आम्ही नारपोलीला राहत होतो. ऐंशीच्या दशकातली शेवटशेवटची वर्षं. चाळीतली वरची खोली, खाली कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. दिवसभर खालून खटखट यायची आणि फरशीवर ठेवलेला तांब्या त्या हादऱ्यानं सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकायचा. माझे यजमान सदानंद दुसऱ्या एका कारखान्यात लूम दुरुस्त करायचे. त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहिताना नाव घेते. ड्युटीवरून आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू बसलेले असायचे. दारात उभा राहिलेला माणूस म्हातारा वाटायचा. अंघोळ करून आला की पुन्हा तरुण.

मी त्याच गल्लीत किशोरभाईंच्या कारखान्यात जायचे. कारखाना म्हणजे एक लांबट गाळा. तिथं दिव्यांच्या शेड आणि भिंतीवर लावायचे शोभेचे दिवे बनायचे. तारेच्या सांगाड्यावर कापड ताणून शिवणं हे माझं काम. मला चित्र काढता येतं हे किशोरभाईंना कळल्यावर नवी डिझाइनं काढायचं कामही माझ्याकडंच आलं. ते मला आवडायचं. पांढऱ्या कागदावर अजून नसलेला दिवा काढायचा आणि मग तो खरोखर पेटलेला बघायचा, ह्यात एक छोटीशी ऐट होती.

मला दिवस गेले होते. झोडणीच्या ऐन धांदलीतून वेळ काढून आई आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, काखेत कोरं करकरीत सूप. बांबूचा हिरवटपणा अजून गेला नव्हता.

"हे कशाला गं आणलंस, आये?"

"कशाला म्हंजे? पाचवीला पोराला कशात निजवशील? तुला सुपातच निजवलेली मी. तुझ्या भावाला पन."

नवं सूप शेणानं सारवून, वाळवून मगच वापरायला काढतात. सारवलं की विणीतल्या फटी बुजतात, दाणा गळत नाही. हे सारवलेलं नव्हतं. मी विचारलं तशी आई म्हणाली, "न्हाय सारवायचा आत्ता. पोर आला की मी येऊन सारवीन. आधीच सगला तयार करून ठेवू नये."

खिडकीच्या वर एक झरोका होता. त्याच्या शेजारच्या खिळ्याला तिनं सूप अडकवलं, माझ्या पोटावरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत गेली. गावाला भात झोडायचं पडलं होतं.

मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. सरकारी दवाखान्यात. तिचा आवाज मी ऐकला. बारीक होता, पण होता. नर्सनं तिला एकदा माझ्याजवळ आणलं, कापडात गुंडाळलेली, आणि लगेच परत नेलं. मला कपाळ दिसलं, एक कान दिसला. कान अगदी पातळ होता, त्यातून उजेड आरपार येत होता. संध्याकाळच्या आतच ती गेली.

सदानंद आणि त्यांचे मोठे भाऊ तिला घेऊन गेले. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. कुठं ठेवलं ते मला कुणी सांगितलं नाही. निरोप मिळताच आई गावाहून परत आली होती; तिला विचारलं तर ती म्हणाली, "बाईनं इचारू नये त्या. जागा कलली तर पाय तिकडंच वलतील रोज." सदानंदना मी विचारलं नाही. ते परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना चिखल होता. त्यांनी बाहेरच्या नळावर चपला धुतल्या, बराच वेळ, आणि आत येऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.

घरी आले तेव्हा सूप खिळ्याला तसंच होतं. आईनं माझी छाती घट्ट बांधली होती, तरी दूध येत होतं. माझी नजर कुठं जाते ते तिच्या लक्षात आलं.

"मी घेऊन जातंय ह्याला," ती म्हणाली.

"राहू दे."

"नको गं बाय. डोल्यांसमोर नको."

"राहू दे म्हटलं ना, आये."

नंतर ते सूप कुणीच काढलं नाही.

त्या दिवसांत सूर्य खाली उतरलेला असतो. एरवी आमच्या खोलीत ऊन यायचं नाही, पण कार्तिकात दुपार कलली की झरोक्यातून एक तिरपी पट्टी आत यायची. वाऱ्यानं सूप सरकून झरोक्यासमोर आलं होतं. मी अंथरुणावर पडल्या पडल्या पाहत होते. ऊन सुपाच्या विणीतून गाळून समोरच्या भिंतीवर पडलं. बारीक बारीक लांबट ठिपके, साळीच्या दाण्यांसारखे. खाली लूम चालू होते, त्यांच्या हादऱ्यानं सूप थरथरत होतं आणि भिंतीवरचे दाणे हलत होते. कुणीतरी ते हळूहळू पाखडत असल्यासारखे. ऊन सरकलं तसे एकेक करून ते गेले. दुसऱ्या दिवशी मी त्या वेळेची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही. दिवसभरात वाट पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता किशोरभाईंनी मला गाळ्याच्या टोकाला बोलावलं. "मालतीबेन, अकलोलीला लॉज होतंय. गरम पाण्याच्या कुंडांजवळ. शेठला भिंतीवरचे दिवे पाहिजेत. बोलतो, गावठी चीज होना, मगर फॅन्सी. काढा काहीतरी."

मी पुष्कळ काढलं. तांब्या काढला, रोवळी काढली, शिंकं काढलं, दळताना धरायचा जात्याचा खुंटासुद्धा काढला. सूप सगळ्यात शेवटी. ते काढायला हात तयार नव्हता आणि ते काढल्याशिवाय राहवतही नव्हतं. किशोरभाईंनी सगळे कागद बाजूला केले आणि सुपावर बोट ठेवलं. "ये वाला."

कागदावर सोपं होतं. भिंतीत बल्ब, पुढं सूप. प्रत्यक्षात सूप भिंतीला टेकवलं की उजेड आत गुदमरायचा. फार पुढं घेतलं की बल्बच दिसायचा, आणि बल्ब दिसला की सगळी मजा जायची. शेवटी सूप आणि भिंत ह्यांच्यामध्ये तळहात आडवा जाईल एवढी फट ठेवली. मग काठाच्या बाहेरून एक मऊ कड उमटली आणि विणीतून ठिपके पडले. वायरिंग आणि पत्र्याचं काम करणारे रफीकचाचा होते. त्यांनी पहिल्यांदा लावलेल्या बल्बनं बांबू तापून करपला, गाळाभर चुलीसारखा वास सुटला. "बेटी, ये तो जल जाएगा," ते म्हणाले आणि स्वतःच बल्बमागं पत्र्याची एक वाटी बसवून लहान बल्ब लावून बघू लागले. किशोरभाईंचं म्हणणं, सुपाचं तोंड वर करा, छतावर उजेड पडेल, हॉल मोठा दिसेल. मी ऐकलं नाही. सुपाचं तोंड खालीच हवं. सुपातून जे सांडतं ते खाली सांडतं.

सुपं कोरी हवी होती, सारवलेली चालणार नव्हती. बाजारात तशी मिळेनात, म्हणून आईकडं निरोप पाठवला. ती स्वतःच आली, चवाळ्यात सुपांची चवड बांधून.

"सारवलेली नको म्हंजे? मंग दाना कसा ऱ्हायील त्याच्यात?"

"दाणा नाही ठेवायचा आये. उजेड ठेवायचाय."

"उजेड ऱ्हातो का कुठं सुपात?" तिनं विचारलं. खरंच विचारलं, चेष्टा नव्हती. मी चवाळ्याची गाठ सोडायला घेतली.

पहिला दिवा पूर्ण झाला तेव्हा रफीकचाचांनी गाळ्याचं शटर अर्धं ओढून बटण दाबलं. कळकट भिंतीवर भाताची रास सांडली. शिवायला बसलेल्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. मला वाटलं, आता हे कुठंतरी राहील. मी केलेली एक गोष्ट जगात राहील.

तो दिवा मी घरी नेला. सदानंदची सुट्टी होती. ते लुंगीवर बसून रेडिओचे सेल उन्हात ठेवत होते. मी दिवा भिंतीला धरला, बटणाखालच्या सॉकेटमध्ये वायर खोचली. त्यांनी दिव्याकडं पाहिलं, मग खिळ्यावरच्या सुपाकडं पाहिलं.

"हे कुठं लागणार?"

"अकलोलीला. लॉजमध्ये."

"लॉजमध्ये." ते उठून उभे राहिले. "लोक येणार, दारू पिणार, जेवणार, आणि भिंतीवर आपली पोर टांगलेली?"

एका वर्षात तिचा पहिला उच्चार तो. पोर. आपली पोर.

"मला तिला कुठंतरी ठेवायचंय," मी म्हणाले. "तुम्हाला जागा माहीत आहे. मला नाही."

मला वाटलं आता सांगतील. त्यांचे ओठ हललेही. पण खाली लूम सुरू झाले, पाळी बदलली असावी, आणि त्या आवाजात ते काही बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही. त्यांनी वायर काढली, गुंडाळली, माझ्या हातात दिली. खिळ्याकडं बोट करून म्हणाले, "दिव्याचं काय पाहिजे ते कर. पण त्याला हात लावू नकोस."

दिवे लागले त्या दिवशी मी किशोरभाईंच्या टेम्पोतून अकलोलीला गेले. सदानंद आले नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, खुंटांवर बगळे. लॉजच्या जेवणाच्या खोलीत ओळीनं सुपं लागली होती, तोंडं खाली करून. दिवस मावळत होता. दिवे लागले आणि भिंतीवरून दाणे ओघळले. लॉजचे शेठ कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "अच्छा आहे. पण थोडा पॉवर वाढवता येईल काय? गिऱ्हाइकाला भाजी दिसायला पाहिजे."

त्यांनी नंतर मोठे बल्ब लावले. बांबू तपकिरी झाला. मग पाऊस आला. त्या भागात गरम पाण्याची वाफ बारा महिने हवेत असते, त्यात पावसाची ओल. सुपांना बुरशी धरली, वीण सुटली. दिवाळीच्या आधी किशोरभाईंनी एक पोतं आणून गाळ्याच्या कोपऱ्यात ओतलं. "शेठनं परत पाठवली," ते म्हणाले. सुपांच्या पाठीवर काळे-हिरवे डाग होते. मी एक हातात घेतलं तर काठाचा वेत निसटून आला.

किशोरभाई वाईट माणूस नव्हते. त्यांना धंदा करायचा होता. डिझाइन लोकांना आवडतं हे त्यांनी पाहिलं होतं, फक्त माल टिकत नव्हता. त्यांनी साचा करून घेतला आणि प्लॅस्टिकची सुपं निघू लागली. पिवळ्या रंगाची, वर विणीची नक्षी उठवलेली. फटी नव्हत्या. मी म्हटलं, "ह्यातून उजेड कसा येणार?" तर म्हणाले, "बाजूनं येतो ना!" साचा दुसरीकडं, कामगार दुसरीकडं. कापडाच्या शेडची मागणी संपत आली होती. आधी बाकीच्या बायका गेल्या, मग मी, शेवटी रफीकचाचा. गाळ्यात धाग्याच्या रिळांचं गोडाऊन झालं.

प्लॅस्टिकचं सूप मात्र चाललं. पानाच्या गादीवर, हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये, कुणाच्या तरी नव्या ब्लॉकमध्ये दार उघडल्याबरोबर समोर. धूळ बसलेली, एखाद्यातला बल्ब गेलेला, एखाद्यात लाल बल्ब. एकदा सदानंद दाढी करून घरी आले आणि टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "सलूनमध्ये पण लागलीय तुझी."

दिवा म्हटलं तर तो लागतो. सूप म्हटलं तर ते लागतं. सदानंद मात्र 'लागलीय' म्हणाले होते. आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत उभे राहिलो, मग ते केस झटकायला बाहेर गेले.

आम्हाला दुसरं मूल झालं नाही. डॉक्टर, देव, सगळं करून झालं. त्याबद्दल आता लिहावंसं वाटत नाही.

घरातल्या सुपाला भुंगा लागला. बांबूला तो लागतोच, वेळेवर सारवलं नाही, धूर दिला नाही की लागतो. खिडकीखाली रोज सकाळी पिठासारखी पिवळी भुकटी पडायची. मी ती झाडायचे. उतरवून पॉलिश मारलं असतं तर वाचलं असतं; मला ते काम येत होतं, घरात ब्रश होता. पण हात लावायचा नव्हता. सदानंद ती भुकटी बघायचे आणि मीही बघायचे. कार्तिकातल्या दुपारी ऊन यायचं, भिंतीवरचे दाणे दर वर्षी मोठे, वेडेवाकडे व्हायचे, कारण फटी वाढत चालल्या होत्या. एका वर्षी मी बाजारातून आले तर खिळ्याला फक्त काठाचा अर्धा गोल लोंबत होता. बाकीचं खाली पडलं होतं, त्याचा आवाजसुद्धा झाला नसणार.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा सदानंदच्या छातीत खोकला कायमचा येऊन बसला. लूमवर जाणं सुटलं. आम्ही नारपोलीची खोली सोडून कोनला आलो, हवा जरा बरी म्हणून. आई तोवर गेली होती. सदानंद दिवसभर खिडकीशी बसायचे आणि बाहेर भराव टाकणारे डंपर बघायचे.

एका सकाळी त्यांनी शर्ट घातला, चपला घातल्या. झोडणीचे दिवस होते. म्हणाले, "चल. दाखवतो."

काय ते मी विचारलं नाही. मी नवं लुगडं नेसले. का नेसले कुणास ठाऊक. पदराखाली मूठभर फुलं घेतली.

रिक्षानं काही अंतर गेलो, मग पायी. खाडीकडं जाणारी वाट ते खोकत, थांबत चालले. "एक करंजाचं झाड होतं," ते म्हणाले. "त्याच्या पुढं बांध. बांधाच्या ह्या अंगाला." मी त्यांच्या मागं चालले होते. इतक्या वर्षांनी ते भराभरा बोलत होते, श्वास पुरत नव्हता तरी. मऊ माती होती, म्हणाले. दादांनी खणलं, मी ठेवली. वर काटे टाकले, कुत्री येऊ नयेत म्हणून. दगड ठेवला, सपाट दगड, ओळखू येईल असा. मधे मधे मी येत होतो, तुला न सांगता. आजारी पडलो तसा आलो नाही.

वाट संपली आणि पुढं पत्र्याची भिंत आली. निळे पत्रे, एकाला एक लागून, नजर पोचेल तिथवर. आत लाल मुरमाचा भराव, माणसाच्या छातीएवढा उंच, त्यावर गोडाऊन. ट्रक उलटा येत होता आणि त्याची पिपाणी वाजत होती. करंज नव्हता. बांध नव्हता. सदानंद पत्र्याच्या कडेकडेनं चालू लागले. थोडं गेले, वळून आले. "इथं," म्हणाले. मग, "नाही, तिथं असेल." मग पत्र्याला हात लावून उभे राहिले. पत्रा उन्हानं तापला होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

"झाड होतं," ते मला म्हणाले, मी खोटं म्हटल्यासारखे. "खरंच होतं."

"हो," मी म्हटलं. "असेल."

मी फुलं कुठं ठेवावीत ते कळेना. पत्र्याच्या खाली बोटभर फट होती, तिथं ठेवायला वाकले, तर ट्रकच्या चाकानं उडालेली माती फटीतून बाहेर आली. मी फुलं पदरातच ठेवली.

गेटवरचा वॉचमन काठी घेऊन आमच्याकडं आला. तरुण होता, लांबच्या मुलखातला. आवाजात रागही नव्हता.

"क्या ढूँढ रहे हो, चाचा?"

सदानंदनी पत्र्यावरचा हात काढला. तळव्याला गंजाचा लाल रंग लागला होता.

"कुछ नहीं," ते म्हणाले. "रास्ता भूल गए."

वॉचमननं काठीनं हायवेकडं खूण केली. आम्ही त्या बाजूला चालू लागलो.